सहा वर्षांची खुर्ची, दोन वर्षांचा व्हिसा

९ जून ७८, शुक्र.
मानवजातीवरच्या अत्याचारांत एक भर: दोह्यात जूनमध्ये थंड पाण्याच्या नळाखाली चहा होतो. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते. गार पाणी हवं तर गीझर बंद ठेवून त्यातलं घ्यायचं. ते विसरलो. भाजलेल्या पाठीने मराठी मंडळाच्या सभेला.
मी लिहिलेली घटना मंजूर. नमुना राज्यसभा. कमिटी नऊ जणांची, कधीच बरखास्त नाही. मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी तिघे निवृत्त. सुरुवातीला चिठ्ठ्या: तिघांना दोन वर्षं, तिघांना चार, तिघांना सहा. मला सहा. नियतीलाही संसदीय कामकाज कळतं.
सौ. म्हणाली, "व्हिसा दोन वर्षांचा आणि खुर्ची सहा वर्षांची?" तिला दूरदृष्टी नाही.

६ जून ८०, शुक्र.
पहिले तिघे निवृत्त. पैकी दोघे केव्हाच कायमचे भारतात. तिसरे अध्यक्ष देशमुख. त्यांनी निरोपाचं भाषण केलं, पुन्हा निवडून आले, मग आभाराचं केलं. शाल तीच.

१३ नोव्हें. ८१, शुक्र.
कुलकर्णी इंजिनियरचं कॉन्ट्रॅक्ट खलास, कमिटीतली जागा रिकामी. पोटनिवडणुकीला मी उम सईदच्या कामगार कॅम्पातला क्रेनवाला सावंत उभा केला. आजवर कॅम्पातलं कुणी कमिटीवर नव्हतं. गणपतीतही सकाळची आरती 'फॅमिली'ची, 'बॅचलर' दुपारी तीननंतर. सावंतला गावी बायको आणि चार मुलं. इथे तो बॅचलर. त्याला एवढंच हवंय, आरती एक व्हावी. विचारत होता, किती दिवस मिळतील? मी छातीठोक सांगितलं, सहा वर्षं. आला निवडून.

५ मार्च ८२, शुक्र.
सावंतचा ठराव: सगळ्यांची एकच आरती. देशमुखांनी कौतुक करकरून तो जुलैच्या सभेवर ढकलला. मग माझ्याकडे वळून, "पण काळे, तोवर सावंत असतील का? तुमचंच कलम अकरा."
घरी येऊन पाहिलं. मधेच निवडून आलेल्याला आधीच्या माणसाची उरलेली मुदतच मिळते. राज्यसभेतही तसंच. कुलकर्णींची चिठ्ठी चार वर्षांची, म्हणजे सावंत जूनमध्ये बाहेर. कलम माझं, अक्षर माझं. भाषा मात्र, तटस्थपणे पाहता, निर्दोष.

१२ मार्च, शुक्र.
उम सईदला गेलो. सावंत कपडे वाळत घालत होता. सगळं सांगितलं. त्याने दोन शर्ट पिळले, झटकले, दोरीवर टाकले. मग म्हणाला, "तुमीच सांगितलास, सा वर्सां. मी सगळ्यांका सांगून बसलंय."
चुकलो म्हटलं. घटनेत या शब्दाची तरतूद नव्हती.
बाकीचे खोलीतून ऐकत होते. एकाने आतूनच विचारलं, काळेसाहेबांचा शब्द पण चारच महिने टिकतो काय? हशा. मीही हसलो, जरा उशिरा.
चहा आला. म्हटलं, जूनमध्ये पूर्ण सहा वर्षांच्या जागेला उभा राहा. पण मतदान शुक्रवारी सकाळी, कॅम्पाने यायला हवं. शुक्रवारी ओव्हरटाइम असतो, म्हणाला. फोरमनला विचारून बघतो. इन्शाल्ला.

२८ मे, शुक्र.
अर्जांचा शेवटचा दिवस. जागा तीन. निवृत्त होणारे दोघे पुन्हा उभे, तिसरा देशमुखांचा मेव्हणा, चौथा सावंत. सूचक असा हवा ज्याची मुदत अजून शिल्लक आहे, आणि त्याने एकाच अर्जावर सही करायची. हेही माझंच कलम.
सकाळी देशमुखांचा फोन. मेव्हण्याचे सूचक व्हा, चौऱ्याऐंशीत तुमची मुदत संपेल तेव्हा आम्ही आहोतच. त्यांना म्हटलं, सही दिलेली आहे.
दिलेली नव्हती. फोन ठेवून सावंतच्या अर्जावर केली. अनुमोदकाच्या जागी सौ.ने केली, मी विचारायच्या आतच कागद ओढून घेतला होता.
फोरमनचं उत्तर अजून नाही. कॅम्प येईल की नाही, सावंतलाही ठाऊक नाही.
अर्ज अध्यक्षांकडेच द्यायचे, म्हणून दुपारी देशमुखांच्या दाराखालून आत सरकवला. बेल वाजवली नाही.