गुणवंता मास्तरांची दुपारची परीक्षा

सौंसर, ता. ८ एप्रिल १९८६

ती. मनकर्णाताईस,
गुणवंताचा शि. सा. न.

खानदानाचं नाव बुडवून राहिलो. शाळेत चालताना झोक जातो, म्हणून हेडमास्तरांनी मी पिऊन येतो असं वर कळवलं. नागपूरच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं, हे मी हेडमास्तरांना समजावलं. त्यांनी विचारलं, ही कोणत्या दुकानात मिळते?

अपंगांच्या शिबिरात सकाळी गेलो. गारव्यात पाय शहाण्यासारखे चालले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही पाय जागेवर आहेत, तक्रार काय? सर्टिफिकेट नाही मिळालं, तर बदली डोंगरातल्या शाळेत. १९ तारखेला, शनिवारी पुन्हा शिबिर आहे.

रागावलीस तरी लोभ असू दे.
गुणवंता

पांढुर्णा, ता. १२ एप्रिल

चि. गुणवंतास आशीर्वाद.

अंग तापलं की तुझे पाय रुसतात, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मग सकाळी काऊन गेला बावा? भर उन्हात जा. तुझे भाऊजी म्हणाले, ही सरकारची फसवणूक. मी विचारलं, रातांधळ्याला दिवसा तपासून काय कळते? त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.

तुझी,
मनकर्णा

सौंसर, ता. २० एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

भर दुपारी पायी गेलो. डॉक्टरांनी खिडकीपर्यंत चालायला सांगितलं. गेलो, वळलो आणि थेट त्यांच्या मांडीवर बसलो. त्यांनी आधी माझं तोंड हुंगलं. कांद्याशिवाय काही सापडलं नाही, तेव्हा नागपूरचे कागद वाचले आणि सर्टिफिकेट दिलं. बदली टळेल.

सगळे हसले, मीही हसलो. पण ताई, या वेळी संध्याकाळी गारवा पडला तरी डावा पाय परतला नाही. घरी सरलाला अजून सांगितलं नाही. मास्तर उभा राहिला नाही, तर मास्तर कसला?

तुझ्या मायेचा धनी,
गुणवंता

पांढुर्णा, ता. २३ एप्रिल

चि. गुणवंतास आशीर्वाद.

मास्तर तोंडानं शिकवते, आणि तुझं तोंड तर पाळण्यापासून थांबलं नाही. बसून शिकव.

रविवारी सकाळच्या बसनं मी येऊन राहिली. सोमवारी तुला नागपूरला डॉक्टरांकडे नेते. इंजेक्शनाला घाबरून पळशील म्हणावं, तर आता तीही सोय राहिली नाही.

सरलाला आजच सांग. बायकोपासून पाय लपत नसतात रे. स्टँडवर मला घ्यायला ये, पण तिचा हात धरून ये. भर बाजारात नवराबायको हातात हात घालून चालले, तर सौंसर महिनाभर हसेल. हसू दे. तुमचे हात दिसले की तिला सांगितलंस हे मी बसमधूनच समजेन.

हक्कानं रागावणारी,
मनकर्णा