बत्तीस बाइटांत सासरे

३ तारीख, सोमवार
साहेबांनी मनगटी बटणाचं काम माझ्याकडे दिलं. दुसरं कोण होतं म्हणा! आजारी माणसाने बटण दाबायचं, की मेसेज थेट माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर. यंत्राची मेमरी चिमूटभर, म्हणून मेसेजला किती बाइट जागा द्यायची ते आधीच ठरवावं लागतं. मी बत्तीस ठरवली. विचार करावा लागला नाही. अनुभव!

५, बुधवार
टेस्टिंगच्या बाई म्हणाल्या, मराठीत एकेका अक्षराला तीन बाइट लागतात, वर काना-मात्रेला वेगळे तीन. मोठा मेसेज मावत नाही, एरर येतो. चौसष्ट करा. मी म्हणालो, बघू.
सायं. ५.४० – मावत नाही तेवढं शेपूट कापायची सोय केली. एरर गायब. बाईंना सांगितलं नाही. उगाच मनाला लागायचं.

१०, सोमवार
पहिलं यंत्र सासऱ्यांच्या मनगटावर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते आमच्याकडेच आहेत, दुपारी एकटेच असतात. तीन बटणं : 'ये', 'पाणी हवं' आणि 'मला बरं वाटत नाही'. ही म्हणाली, नक्की चालेल ना? मी नुसता हसलो. हे हसू तिला पूर्वी आवडायचं.
पहिली दोन तपासली. झकास. तिसरं राहू दिलं. धडधाकट बसलेल्या माणसाला असलं काही दाबायला लावणं बरं दिसत नाही.

१२, बुधवार, दु. २.१५
सासऱ्यांचा मेसेज : 'मला बरं वाटत'. वरचा अनुस्वार राहिलाय, पण भावना पोचली. सोळा वर्षांत प्रथमच!
२.२० – पुन्हा तेच. गहिवरलो.
२.३१ – तिसऱ्यांदा. साहेबांना बोलावून दाखवलं. साहेब खूश. बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "अहो, 'नाही' कुठे गेलं?"
२.३८ – टॅक्सीत. हिचा फोन लागत नाही. अक्षर हलतंय.

१३, गुरुवार
ताप, उलट्या, अंगातलं पाणी गेलेलं. दोन सलाइन लावली. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर... सासऱ्यांनी डोळे उघडले. "तीनदा दाबलं, जावईबापू." मी चादर सारखी करत बसलो. ही खिडकीबाहेर बघत होती.

१७, सोमवार
काम बाईंकडे गेलं. मी महिनाभर रजेवर. मीच मागितली, असं शेजाऱ्यांना सांगितलंय.
सासरे घरी आले. उशाशी हिने पितळी घंटी ठेवली आहे. वाजली की मी जायचं. सकाळपासून एकोणीसदा वाजली. दोनदा पाणी, एकदा चष्मा. उरलेल्या सोळा वेळा धापा टाकत पोचलो, तर म्हणाले, "काही नाही. येता का, ते बघत होतो."