निघतानाची रीत

मिरज,
ता. १८ नोव्हेंबर

चि. वीरधवल,

आईचा आशीर्वाद. तुझ्या त्या डोंगरावर फोन लागत न्हाई, म्हणून दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहिते हाय. उंब्रजला सगळी बरी हायत. म्हस व्याली, रेडी झाली.

साईराजच्या दातांचं आज करणार हायत. घाबरू नको. किडलेले लय हायत, आणि पाच वर्षांचं पोर खुर्चीत तोंड उघडून बसतंय व्हय? म्हणून पुरी भूल देऊन सगळं एकदमच करायचं म्हणतात. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी संयोगिताला आणि मला समोर बसवून नीट सांगितलं. झोपवून नळी घालणार, त्या स्वतः उशाशी उभ्या असणार, उठल्यावर थोडं रडंल, मग संध्याकाळी घरी. तुझ्या बायकोनं सही केली. गुळाचे खडे मीच चारले म्हणून दात गेले, हेबी तिनं तिथंच बोलून घेतलं. बोलू दे.

घरातनं निघताना सगळं रीतीनं केलं. तू भरतीला निघालास तवाबी केलं होतं, म्हणून तर धडधाकट हायस.

एक सांगायचं ऱ्हायलं. रात्रीपासनं पोटात काय जायला नको, असं बाईंनी बजावलं होतं. आज परत विचारलं, "सकाळी काही दिलं नाही ना?" संयोगिता म्हणाली, "पाणीसुद्धा नाही." मी पंख्याकडं बघत बसले.

वीर, मी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. संयोगिता गाडीत पिशव्या ठेवत होती. एवढ्या कामाला लेकराला तसंच कसं धाडू रं? त्यानं चाटलं आणि परत हात पुढं केला. भुकेजलं होतं. मग वाटीभर दिलं. आईला सांगू नको म्हटलं. दही म्हंजे काय जेवण न्हवं, असं वाटलं मला.

आत्ता, लिहिता लिहिता, इथनं जाणाऱ्या सिस्टरला विचारलं, उपाशी कशापायी ठेवता गं? ती म्हणाली, "भुलेत पोटातलं वर येतं आजी, फुप्फुसात उतरतं. जीवावर बेततं." एवढं बोलून गेली. संयोगिता समोरच बसलीय.

तिच्या मांडीवर साईराज, हिरवा झगा घालून. माझ्याकडं बघतोय, ओठावर बोट ठेवून हसतोय. आजीनं सांगितलेलं पाळतोय गुलाम.

हे सांगितलं की संयोगिता परत पोर माझ्यापाशी ठेवायची न्हाई. न्हाई ठेवलं तर न्हाई.

नाव पुकारलं बघ त्याचं. पत्र ऱ्हाऊ दे. आधी त्या आपरेशनच्या दारात आडवी होते.

तुझी
आई