बाण ठरेपर्यंत

१२ सप्टेंबर
परवा हरणाच्या शिकारीचा सीझन उघडतो. यंदा टाळाटाळ नाही. ऑपरेशननंतर डॅडचा खांदा वर जात नाही. धनुष्य ओढणं बंद, झाडावर चढणं बंद. त्यांच्या कुरणामागच्या ओकवरचं मचाण आजपासून माझं. बाणाला लावायची जुनी दोन-पाती टोकंही दिली, स्वतः धार लावून, तंबाखूच्या डबीत घालून. म्हणाले, गेलन, भारी बाण आणि साधं पातं, एवढंच लक्षात ठेव. पहिल्या हरणाची कलेजी माझ्या टेबलाशी बसून खाऊ, कांदा मी चिरतो. आणखी किती सीझन मिळतील कोण जाणे.
मी शब्द दिला. शब्द म्हणजे शब्द.

१४ सप्टेंबर, सकाळ
गेलो नाही. कारण रास्त आहे. काल अंगणात डॅडचं पातं लावून बाण मारला तर वीतभर डावीकडे. सरावाचं बोथट टोक मात्र अगदी मधोमध. जनावर जखमी करून सोडणं हे पाप. आधी बाण ठरवू, मग जंगल. हलके कार्बनचे बाण आणि लागताक्षणी उघडणारी पाती मागवली. डॅडना सांगायची काही गरज नाही.

संध्याकाळ
डॅडचा फोन. 'अरे, ते मचाण' एवढंच म्हणाले आणि मला वाटलं, विचारतायत. घाईघाईत बोलून गेलो, बसलो होतो की सकाळी! दोन माद्या आल्या, पण लांब होत्या. पलीकडे रेडिओ बंद झाला. मग म्हणाले, असं? कुठल्या बाजूने आल्या?
ओढ्याच्या, म्हणालो. एवढीशी थाप. शनिवारी खरोखर बसलो की फिटली.

२१ सप्टेंबर
नवे बाण आले. किचनमधल्या काट्यावर तोलले. एकाचं वजन दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. बाणाच्या शेपटाला पिसं तीन हवीत की चार, हाही प्रश्न आहे. असल्या अवस्थेत जंगलात जाणं बेजबाबदारपणाचं.
पात्यांची धार पाहायला हातावरचे केस उडवून बघितले. इथे सगळेच बघतात. लव्होन म्हणाली, तुझा डावा हात सोललेल्या कोंबडीसारखा दिसतोय, हरणं कुठायत? बायकोला तयारीतलं काही कळत नाही.
डॅडना फोन बेसमेंटमधून केला, हळू आवाजात. कपड्यांचा ड्रायर चालू होता. हा कसला घरघराट, म्हणाले. म्हटलं, ओढ्याला पाणी आलंय. पाऊस नसताना? वरच्या अंगाला पडला असेल, डॅड. असेल, असेल, म्हणाले.

२८ सप्टेंबर
उघडणारी पाती बाद. एक हवेतच उघडलं, आणि बाण लव्होनच्या टोमॅटोंच्या ओळीत. आता भारी बाण, तीन पक्की पाती. म्हणजे धनुष्याचा नेम पुन्हा पहिल्यापासून बसवायचा.
आज फोनवर एक नर निघाला. डावं शिंग वाकडं. कुठून सुचलं देव जाणे. डॅड एकदम खुलले. त्याचं नाव 'वाकड्या' ठेवूनसुद्धा झालं. किती वर्षांचा असेल, मान कशी आहे, चालताना थांबतो का? मी सगळी उत्तरं दिली. फोन ठेवला. ड्रॉवरमध्ये पेचकस शोधताना तंबाखूची डबी हाताला लागली. घाईने ड्रॉवर बंद केला.

६ ऑक्टोबर
रविवार. पॅकर्सची फुटबॉल मॅच. कुणीच शिकारीला जात नाही. (जातात.)
डॅडनी सांगितलं, पश्चिमेचा वारा असला की बसू नकोस, वाकड्याला वास लागेल. म्हटलं, काल पश्चिमेचाच होता, तरी आला. कसा आला? मी म्हटलं, धीट आहे. हसले. इतकं मोकळं ते ऑपरेशननंतर हसले नव्हते. आता खरं सांगणं म्हणजे आजारी माणसाच्या तोंडचा घास काढणं.
मी हे त्यांच्यासाठीच करतोय.

१२ ऑक्टोबर
पेट्रोल पंपावर एमिल भेटला. डॅडचा शेजारी. विचारलं, काय म्हणतो वाकड्या? आणि खोकला आल्यासारखं करून तोंड फिरवलं. म्हणजे डॅडनी गावभर केलंय. मला सुटकेची वाटच उरली नाही.

१९ ऑक्टोबर
आज सांगून टाकायचं ठरवलं होतं. पहिलंच वाक्य पाठ केलं होतं. डॅड, मी मचाणावर एकदाही बसलेलो नाही. फोन उचलताच म्हणाले, थांब, खुर्ची ओढून घेतो. हं, सांग. मग कसं सांगणार? वाकड्याबरोबर एक मादी होती, असं सांगितलं.
लव्होन जिन्यात उभी होती. म्हणाली, बापाला फसवतोस, लाज नाही वाटत? वाटते. खूप वाटते. रात्रीचं जेवण गेलं नाही. (गोड ॲपल पाय मात्र खाल्ला.)

२ नोव्हेंबर
बाण ठरला! भारी बाण, साधं दोन-पाती टोक. डॅडचंच. पाच वेळा मारलं, पाचही मधोमध. म्हणजे सप्टेंबरात त्या पात्यासाठी नेमच नीट बसवला नव्हता. डॅडना अर्थात यातलं काही कळणार नाही. पुढच्या शनिवारी खरंच वाकड्या आला तर सगळ्या थापा आपोआप खऱ्या होतील.

९ नोव्हेंबर, सकाळ
गेलो. खरोखर गेलो. ओक आहे, मचाण नाही! खोडावर मचाण बांधायच्या पट्ट्यांचे वळ तेवढे. चोरीला गेलं! आणि मी तर काल संध्याकाळीच डॅडना म्हणालो होतो की त्यावर बसून हात गारठले. म्हणजे चोरी रात्रीतच झाली असं सांगावं लागेल. सरळ त्यांच्याकडे जातो.

दुपार
सांगितलं. डॅड, रात्रीत कुणीतरी मचाण पळवलं. पोलिसांना कळवू या. त्यांनी टोपी घातली आणि मला गॅरेजमध्ये नेलं. मचाण भिंतीला टांगलेलं. वर कोळ्याचं जाळं.
म्हणाले, सीझनच्या आदल्या दिवशी एमिल बघायला चढला. खारींनी पट्टे कुरतडलेले. त्याने काढलं, पण मला आणून दिलं दुसऱ्या दिवशी दुपारी. चढू नकोस, पट्टे बदलू या, हे सांगायला मी तुला फोन केला, तर तू दोन माद्या बघून आला होतास.
मी म्हटलं, मग त्याच वेळी का नाही हो बोललात?
म्हणाले, दुसऱ्या दिवशी तू स्वतः सांगशील असं वाटलं. मग वाकड्या आला. मला झाडावर चढता येत नाही, गेलन. संध्याकाळी तेवढं ऐकायला मिळायचं.
रागावले असते तर बरं झालं असतं. कान धरायचे.  नव्या पट्ट्यांची गुंडाळी त्यांनी माझ्या हातात दिली आणि आत गेले.

संध्याकाळ
आज फोन केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?
अंधार पडल्यावर त्यांचाच आला. काही नाही रे, म्हणाले, सवय झालीये. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मला काहीच दिसलं नव्हतं.