‘आहे’ म्हणायचं, एवढंच

४ जानेवारी

गुडघ्यांनी आज संपच केला. प्रार्थनाघराच्या सतरंज्या गच्चीवर नेऊन झटकायच्या म्हणजे या वयात डोंगर चढणं. तरी नेल्या. खाली उतरलो तर समितीचे अध्यक्ष जोडे काढत उभे. “काका, एक नवा नियम झालाय. तुम्हाला काही त्रास नाही म्हणा.”

नियम असा — पलीकडच्या वस्तीतल्या प्रार्थनाघराचा राखणदार पितळी दिवे घेऊन पसार झाला. म्हणून आमच्याकडे किल्ल्या यापुढे श्रद्धावान माणसाच्याच हाती. महिनाअखेरच्या बैठकीत मी उभं राहून सांगायचं, माझी देवावर श्रद्धा आहे. झालं. ज्याला देवाचं भय नाही त्याला कशाचंच नाही, असं अध्यक्षांचं म्हणणं.

पळालेला दिवसातून तीनदा डोकं टेकायचा. पण हे बोललो नाही.

५ जानेवारी

कसं म्हणू? माझी नाही. पोरगी तापानं गेली त्या वर्षी श्रद्धाही गेली. भांडून नाही, दार आपटून नाही. पाहुणा उठून जावा आणि आपल्याला मागाहून कळावं, तशी. त्यानंतरही रोज झाडतो, दिवे घासतो, विसरलेल्या छत्र्या जपून ठेवतो.

हिला कधी सांगितलं नाही. ही रोज संध्याकाळी प्रार्थना म्हणते, मी शेजारी बसून ओठ हलवतो. पोरगी वर आहे, भेटेल — या एका खुंटीला बिचारीनं सगळं आयुष्य टांगलंय. ती मी उपटू?

९ जानेवारी

खोलीही नोकरीबरोबरच. नोकरी गेली की बोचकं उचला. म्हाताऱ्यांना कोण भाड्यानं ठेवतो!

१२ जानेवारी

खजिनदारांना सांगून टाकलं. त्यांचं कापडाचं दुकान. जिभेला हाड नाही, पण पोटात पाप नाही. गिऱ्हाईक नव्हतं. ऐकून त्यांनी कात्री खाली ठेवली.

“आणखी कोणाला बोललात?”

“तुम्हालाच.”

“मग झालं तर. ‘आहे’ म्हणून टाका. दोन अक्षरं. जीभ झिजते का?”

“खोटं होईल हो.”

“अहो काका, कोण बघतंय?”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. हे श्रद्धावान! मग त्यांच्याही ध्यानात आलं. दोघं पोट धरून हसलो. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, “हसा. पण राहणार कुठे?”

१३ जानेवारी

चोर असतो तर किती सोपं होतं. ‘आहे’ म्हणालो असतो, किल्ल्या घेतल्या असत्या, वर दिवेही. खोट्याची लाज वाटते म्हणूनच अडलंय घोडं.

ही लाज आली कुठून? आई देवाचं नाव फारसं काढायची नाही. “कुणाचं वाईट केलंस तर मला तोंड दाखवू नकोस,” एवढंच म्हणायची. तिला जाऊन जमाना झाला. कुठे भेटेल असंही मला वाटत नाही. तरी तोंड दाखवता यावं असं वाटतंच.

२० जानेवारी

“बैठकीला कुठला शर्ट घालणार?” हिनं विचारलं.

“कुठलाही.”

“असा कसा कुठलाही? चार माणसांत उभं राहायचंय.” मग तुटलेलं बटण लावत बसली. सुईत दोरा मी ओवला. आम्हा दोघांची मिळून एक नजर! सांगायला हीच वेळ होती. नाही सांगितलं.

२९ जानेवारी

बैठक झाली. विचारलं. “नाही,” म्हणालो. अध्यक्षांनी नीट ऐकलंच नसावं. म्हणाले, “छान, बसा.” मग थबकले. परत विचारलं. परत तेच.

कोणी ओरडलं नाही, हेच जड गेलं. अध्यक्ष माणूस चांगला आहे. हळूच म्हणाले, “काका, इतकी वर्षं आमची पोरं तुमच्या भरवशावर अंगणात सोडून आम्ही आत...” जशी काही ती पोरं मी सांभाळलीच नव्हती.

खजिनदारांनी तोडगा काढला. किल्ल्या हिच्या नावावर करायच्या. हिची श्रद्धा जगजाहीर. परवा येऊन तिनं ‘आहे’ म्हणावं, खोली राहील, कामही राहील. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. “अस्सं,” म्हणाली आणि भांडी घासायला बसली. ती आधीच घासलेली होती.

३० जानेवारी

दिवसभर अबोला. संध्याकाळी आपल्या जागी एकटीच बसली. मी बाहेर पायरीवर. आतून प्रार्थनेचा आवाज आला नाही. म्हटलं, म्हाताऱ्या, हे तुझंच कर्तृत्व.

३१ जानेवारी

अध्यक्षांनी अदबीनं विचारलं. ही म्हणाली, “नाही.”

खजिनदारांनी कपाळावर हात मारला. “काकू, नवऱ्यासाठी खोटं बोलू नका.”

“खोटं आजवर बोलले. यांच्यासाठीच. पोरीबरोबर माझं सगळं गेलं. यांना तरी आधार राहावा म्हणून रोज म्हणत होते.”

पुढच्या आठवड्यात खोली सोडायची. संध्याकाळी दोघं नुसते बसलो. हिनं पोरीचं नाव घेतलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. “सांगा ना काहीतरी तिचं,” म्हणाली.

कुठून सुरुवात करावी कळेना, इतकं होतं.