शेड, बाक आणि पिवळ्या दिव्याची गाडी

त्या सकाळी मी दूध तापवलं, पाणी भरलं, यांचे ऑइलचे कपडे सोड्यात भिजवले आणि अंगण झाडायला आले, तर हे नव्या मोटरसायकलची बॅटरी बदलत होते. गाडी थोरल्याने वडिलांना हौसेने घेऊन दिलेली. बॅटरी बसली, गाडी सुरू झाली, पण मीटरवरचा बिघाडाचा पिवळा दिवा काही विझेना. शोरूममध्ये नेली, तर सर्व्हिस मॅनेजर म्हणाला, "बाहेरचा हात लागलाय. आता वॉरंटी नाही." जन्मभर मोटरसायकली दुरुस्त केलेला माणूस घरी आला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला.

हे सगळं मला लख्ख आठवतं, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या पश्चात काय करावं ते मी स्वहस्ते लिहीत आहे. वाचायला-लिहायला माझी मी शिकले, तेव्हा चुका सांभाळून घ्याव्यात.

१. राहतं घर थोरल्या मुलाला. सुनेने भिंतींना हवा तो रंग द्यावा. मी बघायला येणार नाही.

२. बँकेतली ठेव मुलगा आणि मुलगी दोघांना सारखी.

३. गॅरेजची शेड धाकट्या मुलीला. थोरला म्हणतो, ती शोरूमला गोदामासाठी भाड्याने देऊ. नव्या गाड्या कंपनीच्या कॉम्प्युटरशिवाय कोणाला दाद देत नाहीत, आपल्याकडे कोण येणार? तो खोटं बोलत नाही. गाडीसोबतची पुस्तिका मी पहिल्या पानापासून वाचली. साधा बल्ब गेला तरी अधिकृत केंद्रात या, एवढंच तिच्यात आहे. पण धाकटी त्याच शोरूममध्ये कामाला आहे आणि तो कॉम्प्युटर रोज चालवते. तरी म्हणते, "तिथे मी दुरुस्ती कुठे करते, आई? अख्खा पार्ट काढायचा, नवा बसवायचा. आत काय बिघडलं ते उघडून बघायचीही बंदी." सगळ्या कंपन्यांच्या गाड्या तपासणारं मशीन बाहेर मिळतं, हेही तिनेच सांगितलं. ते घ्यायला माझ्या सोन्याच्या बांगड्या तिच्या.

४. अट एकच. आमच्या शेडमध्ये गिऱ्हाइकाचा बाक दुरुस्तीच्या गाडीला लागून आहे. गाडीचा मालक त्यावर बसल्याशिवाय हे नटाला हात लावत नसत, आणि काढलेला पार्ट त्याच्या हातात देत. शोरूममध्ये मालक काचेपलीकडे टीव्ही बघत बसतो. तेव्हा बाक हलवू नये. धाकटीला हे सांगितलं, तर म्हणाली, "बाक तिथेच राहील. मशीनचा स्क्रीन त्याच्याकडे तोंड करून ठेवीन." त्या दुपारी, हे वारल्यापासून पहिल्यांदा, मला गाढ झोप लागली.

५. पिवळ्या दिव्याची गाडीही तिलाच. दिवा विझला की थोरल्याला मागे बसवून एक चक्कर मारावी. त्याने ती प्रेमाने घेतली होती आणि आता तिच्याकडे बघतही नाही.

६. गाडीबरोबर फुकट मिळालेली टोपी सर्व्हिस मॅनेजरला परत करावी. न धुता.

सही: गॅरेजवालीण
साक्षीदार: शेजारचे टायरवाले भाऊजी (सही), समोरच्या निवृत्त शिक्षिकाबाई (सही)
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: तीन मार्च, मंगळवार

पुरवणी: सह्या करण्याआधी मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकून टायरवाले भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही चांगल्या ठणठणीत आहात. मग पोरीने तुमच्या मरणाची वाट बघायची का?" दुसऱ्या दिवशी मी शेडचं शटर उघडलं, फरशी धुतली आणि धाकटीला कामाचे कपडे घालून यायला सांगितलं.