चावी खिडकीजवळच्या खिळ्यावर

१२ मार्च १९८५, मंगळवार. बोरिवली

आज ग्रिल बसलं एकदाचं. मी हट्टाने त्यात उघडणारं छोटं दार करून घेतलं, आतून कुलूप. ग्रिलवाला हसला मेला, "बाई, चोराला दार कशाला देता?" ह्यांनाही तेच वाटतं. चावी मात्र मी खिडकीजवळच्या खिळ्यालाच लावली, बाहेरून हात पोचणार नाही अशी.

ह्यांना कसं कळणार? भांडुपच्या चाळीत स्टोव्ह भडकला तेव्हा मी आठ वर्षांची. दारातच जाळ. खिडकीला गज नव्हते म्हणून वाचले. "काकू!" एवढंच ओरडले, आणि शेजारच्या काकूंनी पिठाच्या हातांनीच मला बाहेर ओढलं. फ्रॉकवरचे ते पिठाचे पंजे आईने कितीतरी दिवस धुतले नव्हते.

संध्याकाळी खिळ्यावरची चावी घेऊन दार उघडून बघितलं. सहज उघडतं. खालचा छज्जाही जवळ आहे, उतरता येईल. तळमजल्यावरच्या बाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. उगाच वाटलं, हाक मारून बघावी. तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले.

दोन वर्षं झाली इथे येऊन. त्यांचं नावच मला माहीत नाही.